झाडीपट्टीतल्या दोन निर्वासित वस्त्या आणि हातातला कागद

अर्जुनी मोरगाव तालुक्यात इतिहास शिकवणाऱ्या एका सरांचा प्रश्न आहे. दहावीच्या वर्गातल्या एका मुलानं त्यांना विचारलं, की गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पातले लोक पन्नास वर्षांपासून इथं राहतात, तरी बहुतेकांना मत नाही आणि शेत स्वतःच्या नावावर नाही. माझ्या मामाच्या गावी, मुलचेरा तालुक्यात, बंगाली लोकही बाहेरूनच आलेले. तिथं मात्र सरपंच बंगाली आणि सात-बाराही त्यांच्याच नावावर. असं कसं? सरांनी पुढं विचारलंय, की बाहेरून येणाऱ्यांबद्दलचं सरकारी धोरण समाजाला कसं घडवत जातं, हे या उदाहरणावरून मुलांना समजावता येईल का.

येईल सर, आणि पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा चांगलं येईल. गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदियाच्या कचेऱ्यांत नागरिकत्व, जमीन आणि जातीच्या दाखल्यांची कामं वकील म्हणून करत मला एकोणतीस वर्षं झाली. धोरण म्हटलं की लोकांना सीमेवरचं फाटक आठवतं, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही. माझ्यापुढं मात्र आत येऊन दोन पिढ्या झालेली माणसंच बसलेली असतात. त्यांचं जगणं फाटकावर ठरलेलं नसतं. आत आल्यावर सरकारनं हातात कोणता कागद दिला, त्यावर ते ठरतं. निर्वासित म्हणून घेतलं की परदेशी म्हणून, जमीन मालकीची दिली की भाडेपट्ट्याची, मुलाच्या जन्माची तारीख कोणत्या कलमात बसली, यावरून पुढं लग्नं, धंदे, भाषा, गाव सोडून जाणं, सगळं ठरत जातं.

आपला झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातला जंगलांचा आणि धानाचा मुलूखच अशा बोलावण्यांतून वसलेला आहे. धानाच्या बांध्यांना पाणी देणारे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्या कोहळी समाजानं बांधले त्यांचे पूर्वज काशीकडून आले असं ते स्वतः सांगतात. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा कौल होता असंही सांगतात. देवगडच्या बख्त बुलंद शाहनं 1702 च्या सुमाराला नागपूर वसवलं, तेव्हा त्यानंही बाहेरचे शेतकरी आणि कारागीर आणून बसवले. अटी साध्या होत्या: या, जंगल साफ करा, तलाव बांधा, जमीन तुमची. म्हणून तीनशे वर्षांनंतर कोहळ्यांना कोणी बाहेरचं म्हणत नाही.

आता मुलचेऱ्याकडं येऊ. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथल्या तारखांमध्ये आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

फाळणीनंतर पश्चिमेकडून, म्हणजे पंजाब-सिंधमधून आलेल्यांना मागं राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळाली. त्यासाठी 1954 साली स्वतंत्र कायदा झाला. नागपूरच्या जरीपटक्याला सिंधी समाज उभा राहिला त्यामागं मेहनत तर होतीच, पण क्लेमचा, म्हणजे त्या भरपाईच्या दाव्याचा आधारही होता. पूर्व बंगालातून आलेल्यांसाठी असा कायदा झाला नाही. एप्रिल 1950 मध्ये नेहरू आणि लियाकत अली यांच्यात दिल्ली करार झाला. वातावरण निवळलं की हे लोक परत जातील, त्यांची मालमत्ता त्यांचीच राहील, असं त्यात गृहीत धरलं होतं. लोक काही परत गेले नाहीत, उलट येतच राहिले. ऑक्टोबर 1952 मध्ये भारत आणि पूर्व पाकिस्तानादरम्यान पासपोर्ट लागू होणार म्हटल्यावर, फाटक बंद व्हायच्या आत निघावं म्हणून हजारो लोक एकदम निघाले.

सरकारनं मग येणाऱ्यांचे तारखांवरून गट पाडले. 31 मार्च 1958 पर्यंत आलेले ते जुने निर्वासित. 1 एप्रिल 1958 ते 31 डिसेंबर 1963 या काळात आलेल्यांना पुनर्वसनाची मदत नाही. 1 जानेवारी 1964 पासून 25 मार्च 1971 पर्यंत आलेले ते नवे निर्वासित, आणि त्यांना मदत एकाच अटीवर: पश्चिम बंगालच्या बाहेर वसायचं. जानेवारी 1964 मध्ये खुलना, ढाका भागात दंगली झाल्या आणि माणसांचे लोंढे आले. त्यांना रेल्वेनं रायपूरजवळच्या माना कॅम्पात आणलं गेलं. तिथून कोणी बस्तरला, कोणी कोरापुटला, आणि काही हजार कुटुंबं तेव्हाच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांतली बरीचशी गावं तिकडं गेली. मुलचेरा तालुक्यातल्या सुंदरनगर, विवेकानंदपूर या नावांवरूनच कळतं, की ही गावं कागदावर आखून वसवलेली आहेत. शेजारच्या गोंडी नावांच्या गावांमध्ये ही नावं वेगळी दिसतात.

म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याच्या मामाच्या गावात बंगाली शेजारी आले ते त्यांनी गडचिरोली निवडली म्हणून आले नाहीत. 1964 ची एक तारीख आणि त्याखालची एक अट त्यांना इथं घेऊन आली.

अशा एका घरातली पत्र्याची पेटी मी उघडून पाहिली आहे. घरातली काकीमा ऐंशीच्या पुढची. पेटीत वर जुनं लुगडं, त्याखाली खताच्या पोत्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. सीमेवर मिळालेली चिठ्ठी, माना कॅम्पाचं फॅमिली कार्ड, त्यावर कुटुंबातल्या माणसांचा आकडा आणि रेशनच्या खुणा, मग कलेक्टर कचेरीचा नागरिकत्व नोंदणीचा दाखला, मग जमिनीचा पट्टा. कार्डावर सात माणसं होती. पट्ट्यावर पाच. मी विचारलं तेव्हा काकीमा बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दोघं मानालाच राहिले, बाबू. हगवण लागली होती.’’

कागद असे एकावर एक होते म्हणून ते कुटुंब आज उभं आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याखाली त्यांची नोंदणी झाली, नाव मतदार यादीत गेलं आणि जमीन मिळाली. सरकारनं दिलेली जमीन साधारणपणे भोगवटादार वर्ग-2 ची असते, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. पण ती कसता येते, मुलाच्या नावावर फेरफार करता येतो आणि तिच्यावर सोसायटीचं पीककर्ज मिळतं. कर्ज मिळालं की माणूस बोअर मारतो, बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं खोदतो. बोडीत मासळी टाकतो.

मासळीचं जरा सांगू द्या. आपल्याकडं ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासेमारी करत आला. बंगाली कुटुंबं आली ती मत्स्यबीजाचं ज्ञान घेऊन. कोणत्या महिन्यात जिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं सोडायची, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं कुठल्या मापाची झाली की दुसऱ्या तळ्यात हलवायची, रोहू-कटला-मृगळ कोणत्या प्रमाणात ठेवायचे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. सुरुवातीला तलावांच्या ठेक्यांवरून ढिवरांशी त्यांची भांडणं झाली. त्यांतली काही प्रकरणं माझ्याकडंही आली. पण पंचवीस वर्षांनी मी हेही पाहिलं, की ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्या बीज विकत घ्यायला बंगाली गावात जातात आणि भाव करताना दोघंही मराठी-हिंदी-बंगाली अशी एक तिसरीच भाषा बोलतात. जमिनीचा कागद नसता तर बोडी नसती, आणि बोडी नसती तर ती भाषाही तयार झाली नसती.

पण त्याच पेटीत एक कागद नाही, आणि त्यावरून गेली जवळजवळ तीस वर्षं ही माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसतात. तो म्हणजे जातीचा दाखला. यांतली बरीच कुटुंबं नमःशूद्र. पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत ही जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही, कारण राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशातल्या याद्या राज्यवार आहेत. शिवाय महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मागताना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. त्या तारखेला हे लोक खुलन्यात होते, बारिसालात होते. जी जात त्यांनी तिकडं भोगली, जिच्यापायी गावाबाहेर राहिले, ती सीमा ओलांडताना दाखल्यापुरती सुटली आणि माणसांच्या वागण्यात तशीच राहिली. एका मुलीला बारावीला उत्तम गुण होते. पण खुल्या गटातून प्रवेश मिळाला नाही आणि फी परवडणारी नव्हती. आज ती वडलांच्या मासळीच्या धंद्याचा हिशोब सांभाळते, आणि चांगला सांभाळते. पण तिला नर्स व्हायचं होतं.

नावांचीही तीच गत. बंगालीत ‘व’ चा ‘ब’ होतो. बाप सात-बारावर ‘बिस्वास’, मुलगा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ‘विश्वास’, नातू आधारवर आणखी तिसरंच. गुरुजींनी आपल्या समजुतीनं ‘शुद्ध’ करून लिहिलेलं नाव चाळीस वर्षांनी वारसाच्या फेरफारात आडवं येतं. तुम्ही शिक्षक आहात म्हणून आवर्जून सांगतो: नाव घरचे सांगतील तसंच लिहा.

या गोष्टीची दुसरी बाजू मुलांना सांगितली नाही तर गोष्ट अर्धीच राहील. ही गावं रिकाम्या जागी वसली नव्हती. जंगल तोडून जमीन काढली, आणि ते जंगल आजूबाजूच्या गोंड, माडिया गावांच्या वापरातलं होतं. चराई, मोहफूल, तेंदू, सरपण, सगळं तिथूनच. त्यांना कोणी विचारलं नाही. एका गोंड म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं, ‘‘ते बिचारे उघडे आले होते जी, त्यांच्यावर राग नाई. पण साहेबानं नकाशा आमच्या टोल्यात येऊन नाई काढला.’’ पुढं 2006 चा वनहक्क कायदा आला. त्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. बंगाली गावांना ते शक्यच नव्हतं. मग वनहक्कात एक गाव आत आणि शेजारचं बाहेर. निवडणूक आली की हीच रेघ गडद करणारे येतातच. माझं स्पष्ट मत आहे, की ही दोन गावं एकमेकांसमोर उभी करण्याचं काम त्या गावांनी केलेलं नाही. 1964 मध्ये ज्यांनी एकाला दुसऱ्याच्या जंगलात बसवलं आणि दोघांनाही विचारलं नाही, त्यांनी ते केलं.

दंडकारण्याच्या, म्हणजे बस्तर-कोरापुटकडच्या पुनर्वसनाच्या मुलखातल्या काही भागांत तर जमीन इतकी मुरमाड होती, की 1978 मध्ये हजारो कुटुंबं सामान बांधून परत बंगालकडं निघाली आणि सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर जाऊन बसली. 1979 मध्ये तिथल्या सरकारनं त्यांना बळानं हुसकावलं. माणसं मेली. माझ्या अशिलांपैकी एकाचे काका तिथून परत आले नाहीत.

आता तुमच्या शेजारचा कॅम्प. मार्च 1959 मध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी भारतात आले. त्यांना आसरा मिळाला. पण भारतानं 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळं कायद्याच्या भाषेत ते परदेशीच राहिले. पूर्वी 1946 चा परदेशी नागरिक कायदा लागू होता, आता सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आहे. पहिली काही वर्षं अनेकांनी हिमाचलच्या डोंगरात रस्त्यांच्या कामावर घालवली. मग राज्याराज्यांनी जागा दिल्या. कर्नाटकात बायलाकुप्पे आणि मुंडगोड, सरगुजाच्या डोंगरावर मैनपाट. आणि 1972 मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, प्रतापगडच्या पायथ्याशी नॉर्गेलिंग, म्हणजे तुमच्या मुलांचा ‘तिबेटी कॅम्प’. जमीन भाडेपट्ट्यावर, वस्तीच्या नावे. माणसांच्या हातात आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला, मुदतीचा, मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यायचा.

हे धोरण वाईट हेतूनं आखलेलं नव्हतं, हे मी जोर देऊन सांगेन. तिबेटी नेतृत्वालाही तेच हवं होतं. एकत्र राहू, भाषा आणि धर्म टिकवू आणि एक दिवस परत जाऊ. बंगाल्यांना सरकारनं सांगितलं, इथलेच व्हा. तिबेट्यांना सांगितलं, पाहुणे म्हणून सन्मानानं राहा. दोन्ही वाक्यांत माया होती. पण पन्नास वर्षांत त्यांतून दोन वेगळे समाज झाले.

कॅम्पात गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, उत्तम उभी आहे, लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, जोरात होतो, मुलं तिबेटी लिहितात-वाचतात. बंगाली गावांत दुर्गापूजा धडाक्यात होते, पण बंगाली लिहिता येणारी नवी पिढी शोधावी लागते. तिबेट्यांची भाषा टिकली हा त्यांच्या धोरणाचा खरा लाभ आहे, आणि तो लहान नाही. दुसऱ्या पारड्यात हे: जमीन नावावर नाही, तर कर्ज नाही. कर्ज नाही, तर तारण न लागणारा धंदा. म्हणून हिवाळ्यात स्वेटरची दुकानं. दिवाळीच्या सुमारास कॅम्पातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको माल भरून शहरात जातात, तीन महिने फुटपाथवरच्या टपरीत उभे राहतात आणि थंडी संपली की परततात. आपण त्याला तिबेट्यांचा पारंपरिक व्यवसाय म्हणतो. तिबेटात यांचे आजोबा याक पाळत होते, सातूची शेती करत होते. स्वेटर विकणं ही परंपरा आरसीनं तयार केली.

आणि तरुण मुलं निघून जातात. तिबेट्यांच्या स्वतःच्या 2009 च्या गणनेत भारतात सुमारे 94 हजार लोक होते. त्यानंतर आकडा उतरत गेला आहे. कॅनडा, अमेरिका, युरोप. तिथं पाच-सात वर्षांत नागरिकत्व मिळतं, इथं जन्मूनही अनेकांच्या हाती पडत नाही. कॅम्पात म्हातारी माणसं राहतात आणि शाळेचे वर्ग आटतात.

मुलांना वर्गात फळ्यावर काढून दाखवण्यासारखं एक घर सांगतो. नावं सांगत नाही. आजोबा तिबेटात जन्मले, म्हणून परदेशी. बाप 1968 मध्ये हिमाचलात रस्त्याच्या कामावरच्या तंबूत जन्मला. आपल्या कायद्यानं 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण जन्मानं नागरिक आहे, आईबाप कोणीही असोत. म्हणजे हा माणूस जन्मापासून भारतीय, फक्त त्याला ते कोणी सांगितलं नाही आणि तो वर्षानुवर्षं आरसीवर शिक्के घेत राहिला. त्याची मुलगी 1995 ची. 1 जुलै 1987 नंतर आईबापांपैकी एक नागरिक असावा लागतो. बाप आहे, म्हणून तीही नागरिक. मुलगा 2006 चा. 3 डिसेंबर 2004 पासून नियम आणखी कडक: दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नको. त्याची आई 1993 मध्ये डोंगर ओलांडून, कागदाविना आलेली. त्यामुळं त्याच ताटात जेवणाऱ्या धाकट्या भावाचं नागरिकत्व अडकतं. एका घरात भारतात जन्मलेली तीन माणसं, तीन कायदे.

2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नामग्याल डोल्कर यांच्या प्रकरणात हा 1987 च्या आधीच्या जन्माचा हक्क मान्य केला. 2014 मध्ये निवडणूक आयोगानं अशा तिबेट्यांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. तुमच्या विद्यार्थ्यानं ‘बहुतेकांना मत नाही’ म्हटलं ते यामुळं अचूक आहे, काहींना आहे. त्याच वर्षी केंद्राचं तिबेटी पुनर्वसन धोरण आलं. जमिनीचे भाडेपट्टे रीतसर करा, सरकारी योजना त्यांना द्या, असं त्यात राज्यांना सांगितलं. मग दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर पासपोर्टही द्यावे लागले. पण 2017 मध्ये त्यावर अटी आल्या: आरसी परत करा, तिबेटी वस्तीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा. माझ्याकडं आलेला तो 1968 चा बाप हे वाचून उठून गेला. दोन दिवसांनी परत आला आणि म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, मी भारतीय व्हायचं तर आईला कॅम्पात एकटी ठेवायची का?’’ त्यानं अर्ज केला नाही. आजपर्यंत केला नाही.

माझं मत विचाराल तर ही अट चुकीची आहे. जो जन्मानं नागरिक आहे त्याला नागरिकत्वाच्या बदल्यात घर मागणं न्यायाचं नाही.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असं मुलांना वाटू नये, म्हणून बाहेरची दोन उदाहरणं देतो. पश्चिम जर्मनीनं 1961 मध्ये तुर्कस्तानाशी करार करून कामगार बोलावले. कल्पना अशी की दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं. कारखानदारांनाच ते परवडेना, शिकवलेला माणूस दर दोन वर्षांनी का घालवायचा? ती मुदत गेली. नोव्हेंबर 1973 मध्ये सरकारनं नवी भरती बंद केली. हिशोब असा की आता तुर्कांची संख्या घटेल. झालं उलटं. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे कळल्यावर माणसं गेलीच नाहीत, त्यांनी बायकामुलं बोलावून घेतली. 1952 ला पासपोर्ट येणार म्हटल्यावर बंगालात जे झालं त्याच्याच जातीचं हे. त्यावर 1913 चा रक्तानं नागरिकत्व मोजणारा कायदा. म्हणून बर्लिनमध्ये जन्मलेली तुर्की मुलं 2000 सालापर्यंत जन्मानं जर्मन होऊ शकत नव्हती. तिशी-चाळिशीपर्यंत ज्यांना पाहुणे म्हटलं त्यांनी घरासारखं वागावं, ही अपेक्षा कोणी कशी करायची?

दुसरं अमेरिकेचं, कारण ते आपल्या दर्यापूर-अचलपूरच्या घरांपर्यंत पोचलं आहे. 1924 च्या कायद्यानं तिथं आशियातल्या लोकांना जवळपास पूर्ण बंदी होती. 1965 मध्ये देशवार कोटे गेले, कुटुंब आणि कौशल्य यांवर प्रवेश सुरू झाला. आपला देश आहे तसाच राहील, असं कायदा करणाऱ्यांनी लोकांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात आशियातून डॉक्टर, इंजिनिअर गेले आणि त्यांच्यामागून भावंडं गेली. नागपूरच्या मेडिकलमधून गेलेली पहिली पिढी ती. आज मात्र संख्येची मर्यादा असलेल्या कायम राहण्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाला साधारणपणे 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही. भारतातून अर्ज प्रचंड, त्यामुळं रांग दशकांची. गावाकडून गेलेला मुलगा तिथं पंधरा वर्षं नोकरी करतो, घर घेतो, कर भरतो, तरी राहतो नोकरीला बांधलेल्या व्हिसावरच. त्यानं चार वर्षांची नेलेली मुलगी एकविसाव्या वर्षी त्याच्या व्हिसातून बाहेर पडते. इकडं आई देवघरापुढं फोन धरून विचारते, ‘‘यंदा दिवाळीले येतं का रे?’’ आणि तो सांगत नाही, की बाहेर पडलो तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकून राहण्याची भीती आहे. त्या मुलीत आणि कॅम्पातल्या 2006 च्या मुलात मला तरी फरक दिसत नाही. एकाच्या घरी डॉलर आहेत, एवढाच.

बंगाली गावांतल्या पालकांसाठीही एक गोष्ट सांगायची आहे, तुमच्यामार्फत पोचली तर बरं. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीचे नियम 11 मार्च 2024 ला आले. 31 डिसेंबर 2014 पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या मुसलमानेतर समाजांसाठी ती वाट आहे. ज्यांची नोंदणी साठच्या दशकातच झाली, किंवा जे 1987 च्या आधी इथं जन्मले, त्यांनी घाबरून किंवा एजंटाच्या सांगण्यावरून अर्ज भरू नये. तो अर्ज भरणं म्हणजे ‘आजवर मी नागरिक नव्हतो’ असं स्वतःच्या सहीनं लिहून देणं. कागद हरवला असेल तर आधी कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात जुन्या नोंदणीची नक्कल मागावी, जुनी मतदार यादी काढावी, जमीन वाटपाच्या आदेशाची प्रत काढावी. तिन्ही मिळूनही काम झालं नाही, तरच पुढचा विचार.

त्या काकीमाच्या घरच्यांशी मी बोललो आहे. माना कॅम्पाच्या फॅमिली कार्डाची झेरॉक्स, नाव आणि अंगठा झाकून, तुमच्या वर्गाला दाखवायला त्यांची हरकत नाही. कॅम्पातल्या त्या बापानंही जुन्या आरसीचं शिक्क्यांचं पान द्यायचं कबूल केलंय. पुढच्या आठवड्यात वडशाला तारीख आहे माझी. दुपारनंतर अर्जुनीला येतो, दोन्ही घेऊन.